बागेतलं इमान

धावपट्टीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्यापुढे थोडी जागा सोडून हुलगे, आणि त्यापुढे कुणाच्या तरी धुतलेल्या गोधड्या. सिमेंटच्या फटींतून कुसळी गवत वर आलं होतं, त्यामुळे पट्टी कुठे संपते आणि माळ कुठे सुरू होतो ते लांबून कळत नव्हतं. मैत्रिणीच्या लग्नासाठी मी भिंगारला आले होते. जेवणं झाल्यावर सगळे सुस्तावले, तशी मी कुणाला न सांगता चालत निघाले. कुठे जाते आहे हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मिरच्यांच्या राखणीला बसलेली बाई म्हणाली, "चपला काढून या बाई. खायच्या हायेत त्या."

मी चपला हातात घेतल्या. सिमेंट तापलेलं होतं.

"कुनाकडं आलाय?"

"कुणाकडे नाही. इथे पूर्वी बाग होती ना?"

"व्हती म्हनत्यात. आमी नंतर आलो. त्यो हत्ती हाय की अजून. शेळ्या बसत्यात त्याच्या पोटाखाली."

हत्ती खरोखरच होता. सिमेंटचा, गुडघ्यापर्यंत मातीत गेलेला. त्याच्या पाठीवर मागून पायऱ्या चढून जायचं आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. आता सोंड मध्येच तुटली होती आणि आतल्या लोखंडी सळ्या बाहेर आल्या होत्या. करडा रंग सगळा गेला होता. एका कानाच्या मागे, ऊन पोचत नाही तिथे, थोडा शिल्लक होता. मी बोट लावलं, तर त्याचीही पूड झाली.

आम्ही त्या बागेत राहायचो. बाबा तिथे मॅनेजर होते. ही पट्टी लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधली होती. लढाई संपली, साहेब निघून गेले, आणि पट्टी नुसती ऊन खात पडली. मग एका शेठनं शेजारची जमीन घेतली आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी इथे येऊन दोन दिवस राहावं अशी बाग काढली. गोल छपरांच्या खोल्या बांधल्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. त्यांच्यावर दुपारी पाणी मारलं की सगळ्या बागेला ओल्या मुळांचा वास यायचा. होड्यांसाठी तळं होतं. तळ्याभोवती छोटी आगगाडी फिरायची आणि वळणावर तिची घंटा वाजायची. एक आरसेमहाल होता. त्यात माणसं बुटकी, लंबुळकी, भोपळ्यासारखी दिसायची. आत शिरताना लोक हसतच शिरायचे आणि बाहेर येताना केस सारखे करायचे. मी मात्र तिथे सोमवारी सकाळी जायचे, कुणी नसताना. आरशांवर बोटांचे डाग असायचे, लहान मुलांचे खाली आणि मोठ्यांचे वर, आणि झाडणारी बाई ते ओल्या कागदानं पुसत असायची.

शाळा कॅम्पात होती, इंग्रजी. तिथे मी कुणाला सांगत नसे की मी बागेत राहते. मुली मागे लागल्या असत्या. मला कुणी मागे लागलेलं आवडायचं नाही.

आणि मग विमान. रविवारी ते पट्टीवर उभं असायचं. पांढरं, पोटाला निळा पट्टा, वर पंख आणि खाली बारीक पाय, पावसाळ्यात दिव्याजवळ येतात त्या किड्यासारखं. ते चालवणारे कॅप्टन दक्षिणेकडचे होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, सैन्यातून निवृत्त झालेले. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं. बाबांशी आणि माझ्याशी ते इंग्रजीत बोलत, बाकी सगळ्यांशी तोडकंमोडकं हिंदी. लष्कराच्या हद्दीवरून जायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांचा फेरा ठरलेला असे: चांदबीबीच्या महालाला वळसा घालून परत. पट्टीच्या कडेला दोरी बांधलेली असायची आणि आसपासच्या गावांतली माणसं बैलगाड्या सोडून तिच्यामागे बसून राहायची. शेंगा भाजल्याचा वास, मुलांना फिरवणाऱ्या उंटाचा वास, आणि मधूनच सगळ्यांवरून येणारा पेट्रोलचा थंड, गोडसर वास. पंखा फिरायला लागला की टोप्या धरल्या जायच्या आणि सगळीकडून एकच ओरड उठायची, "इमान! इमान निगालं!"

आईसुद्धा इमानच म्हणायची. मला त्याची लाज वाटे. शाळेच्या मराठीच्या पुस्तकात 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' असा धडा होता, आणि मला तेवढंच इमान ठाऊक होतं.

"आई, इमान नाही. विमान. वि."

"वि," आई म्हणायची. "विमान." आणि कपडे वाळत घालताना आवाज आला की मान वर करून म्हणायची, "गेलं बघ इमान."

आई तिसगावजवळच्या एका वस्तीची. भिंगारहून एसटीनं फार तर सकाळ मोडते. पण माझ्या आठवणीत आई एकदाही माहेरी गेली नव्हती. कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच ठाऊक होतं की तिच्या वडिलांनी, सगळे त्यांना दादा म्हणत, तिला सांगितलं होतं: माझा उंबरा चढायचा नाही. दिवाळीत शेजारपाजारच्या बायका पिशव्या भरून स्टँडवर जायच्या. आई त्यांना पोचवायला जायची आणि परत येऊन जास्तीची कामं काढायची. पितळेचे डबे घासायची. घासलेले पुन्हा घासायची.

तिच्या माहेरची खबर आणायचे रशीदचाचा. ते बांगड्या भरायचे. तिसगावच्या बाजारात त्यांचं पाल असे आणि बागेतल्या बायकांसाठी ते महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे. पेटीत लाल कागदात गुंडाळलेली काकणं असत, पेटीला राळेचा वास यायचा. आईचा हात दाबत, अंगठा आत मुडपत ते बांगडी चढवायचे आणि त्याच चालीत सांगायचे की भावाला मुलगा झाला, म्हैस व्याली, विहिरीला पाणी लागलं. आई "हं" म्हणायची. हात सोडवायची घाई तिनं कधी केली नाही.

मग तो दुष्काळ आला. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगता येत नाही. मला आठवतं ते तळं. पाणी रोज थोडं मागे सरकायचं आणि जागच्या जागी राहिलेल्या होड्या चिखलात कलायच्या. मग चिखलही वाळला, त्याच्या खपल्या झाल्या, आणि एके दिवशी मी चपला घालून तळ्याच्या मधोमध उभी राहिले. पाहुणे यायचे बंद झाले. गाडी थांबली. उंटवाला उंट घेऊन कुठेतरी निघून गेला. वाळ्याच्या पडद्यांवर मारायला पाणी नव्हतं आणि ते नुसते वाऱ्यावर खरखरत राहायचे. आम्ही रेशनची लाल ज्वारी खायचो. तिच्या भाकरीला चिरा पडत. बाबा म्हणाले, शेठ बाग बंद करणार. विमान तर आधीच जाणार होतं, पुढच्या रविवारनंतर.

त्याच आठवड्यात रशीदचाचा आले. बांगड्या कुणीच भरणार नव्हतं. ते पेटी न उघडताच ओट्यावर बसले.

"दादांचं काई खरं न्हाई, बहेनजी," ते म्हणाले. "बाजेवरनं उठंनात. डोळ्याला बी कमी झालंय. पर कान तेज हायेत. मी बाजारातनं गेलो तर पावलावरनं वळखलं, म्हनले, रशीद का रे?"

"माझं काय म्हणाले?"

चाचांनी पेटीच्या कडीशी चाळा केला. "काय म्हननार? म्हातारं मानूस हाय. एकदा शब्द तोंडातनं गेला की गिळता येत न्हाई."

त्या संध्याकाळी बाबा जेवत होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, कॅप्टनना विचाराल?"

"काय?"

"आमच्या घरावरनं एक फेरा."

बाबा हसले. "तिसगावला उतरायला पट्टी नाही, बाई."

"उतरायचं कुठं म्हणतेय मी? उंबरा चढू नको म्हणाले दादा. वरून जाऊ नको असं कुठं म्हणाले?"

बाबांचं हसू तिथेच राहिलं. मग हात धुऊन, तसेच, कॅप्टनच्या खोलीकडे गेले.

सकाळी परत निघालेल्या रशीदचाचांबरोबर निरोप गेला: रविवारी दादांना अंगणात बसवा. वरून येते आहे.

रविवारी सकाळी आईनं शेंगदाण्याचे लाडू बांधले. गूळ कुठून आणला कोण जाणे. बाबा म्हणाले, "हे वरून टाकणार आहेस का?" ती म्हणाली, "माहेरी रिकाम्या हातानं जात नाहीत." तिनं हिरवं लुगडं नेसलं, डबा फडक्यात बांधला आणि पट्टीकडे निघाली. मला बरोबर घेतलं, कारण कॅप्टनचं इंग्रजी कळायला कुणीतरी हवं होतं. दोरीमागे आता गर्दी नव्हती. बागेतल्या बायका तेवढ्या आल्या होत्या. तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्या सुमनबाईंनी आईला कुंकू लावलं.

"लोकांच्या बायकांना पोचवायला येष्टी ष्टँडवर जावं लागतं," त्या म्हणाल्या, "आन आमच्या बाईंचा थाट बघा. पोचल्याव तार करा हो!"

"गप गं," आई म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता.

कॅप्टननी डबा हातात घेऊन तोलला. "इतना वजन? मेरा जहाज बैठ जायेगा, भाभीजी."

आत रेक्झिनचा तापलेला वास होता. आई खिडकीशी बसली आणि मी तिच्या पलीकडे, अर्धी तिच्या पदरावर. पट्टी पळायला लागली, हत्ती पळाला, कोरडं तळं पळालं, आणि मग खालचा खडखडाट एकदम थांबला. आईनं माझा हात धरला होता. बांगड्या माझ्या मनगटाला रुतत होत्या. चांदबीबीचा महाल आमच्या खाली आला, डोंगरावर एकटा. इतर दिवशी इथे वळायचं असे. त्या दिवशी वळलो नाही.

पुढे सगळं एकाच रंगाचं होतं. शेतांचे बांध दिसत होते, शेतात काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं होती, मुंग्यांसारखी नाहीत, माणसांसारखीच, पण आवाज नसलेली. पूर्वेला करंजीचा घाट असायला हवा होता. तिथे धूळ उभी होती, गेरूच्या रंगाची, जमिनीपासून वरपर्यंत. कॅप्टन पुढे वाकून बघत होते. मग त्यांनी विमान एका कुशीवर घेतलं आणि एक गाव हळूहळू आमच्या खिडकीखाली फिरलं. थोडी घरं, एक पांढरं देऊळ, एक मोठं झाड.

"त्येच!" आई ओरडली. "त्येच आमचं! ती चिंच बघ दारातली! त्यो गुरांचा वाडगा, त्यो बघ, त्यो!"

इतकी वर्षं भिंगारला राहून तिची भाषा बदलली होती. ती एका क्षणात माहेरच्या बोलीत परत गेली. आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. खांद्यावर घेतला, मुलींसारखा. बाहेर, परक्या पुरुषासमोर, मी आईचं डोकं उघडं कधीच पाहिलं नव्हतं. सासरी पदर घ्यायचा असतो. माहेरच्या शिवेत आल्यावर घ्यायचा नसतो. तिच्या भांगाच्या कडेचे केस पांढरे झाले होते हे मला त्या दिवशी कळलं.

"दादा!" ती काचेला तोंड लावून म्हणाली. काचेवर वाफ धरली. तिनं ती पुसली. "दादा, म्या आले!"

कॅप्टन मान वळवून माझ्याशी इंग्रजीत बोलले. आवाज मोठा होता, म्हणून सावकाश बोलले. म्हणाले, हे तिसगाव नव्हे. घाटावर धूळ आहे, पलीकडे काही दिसत नाही, आणि मला पुढे जाता येणार नाही. हे कुठलं गाव आहे ते मलाही ठाऊक नाही. मला फार वाईट वाटतं, तुझ्या आईला सांग.

मी आईकडे पाहिलं. ती हात हलवत होती. खाली अंगणात कुणीतरी वर पाहत उभं होतं, कुणीही असेल, आणि त्यानंही हात हलवला.

मी कॅप्टनना म्हणाले, एक फेरा आणखी माराल का?

त्यांनी मारला.

उतरल्यावर आईनं डबा सोडला. एक लाडू कॅप्टनना दिला, एक सुमनबाईंना, आणि म्हणाली, "माहेरचा आहे, घ्या." कॅप्टननी लाडू दोन्ही हातांत घेतला. ते पुष्कळ वेळ विमानाच्या सावलीत उभे होते. दुसऱ्या दिवशी विमान गेलं. परत आलं नाही.

आमचं सामान बांधून झालं होतं तेव्हा बापूमामा आले, आईचे धाकटे भाऊ. मी त्यांना प्रथमच पाहत होते. ते ट्रंकेवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आक्का, दादा गेले. तुला न्यायला आलोय."

आई रडली. मी भिंतीशी उभी होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "त्या रविवारी... दादांनी बघितलं?"

"बगितलं की," मामा म्हणाले. "बाज अंगनात आनली हुती."

"आवाज ऐकू आला?"

"आवाज? फळीवरची भांडी वाजली, आक्का."

आई रडता रडता हसली आणि चहा टाकायला आत गेली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, इमान आलंच न्हाई ना?"

खोटं बोलावं की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता. मी म्हणाले, "घाटाच्या अलीकडून वळलो, मामा. धूळ होती. आईला ठाऊक नाही."

त्यांनी मान हलवली, सावकाश. "दिसभर बाज हालवू दिली न्हाई त्यांनी. उनाची सुदिक. म्हनायचे, गप ऱ्हावा, ऐकू द्या. सांजच्याला एक घार फिरत हुती, लई वर. म्या म्हनलं, दादा, त्ये बगा आलं. आता त्यांना काय दिसतंय? पर हात वर केला. आन मला म्हनले, आवाज कसा न्हाई रं? म्या म्हनलं, लई उंच हाय."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"तू बोलू नगंस," मामा म्हणाले.

"तुम्हीपण नका."

आई चहा घेऊन आली. मामांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. दादा कसे उठून बसले, कसे हसले, विमानाचा निळा पट्टा कसा चकाकत होता. निळा पट्टा त्यांना कुणी सांगितला असेल? रशीदचाचांनीच. आई मध्येमध्ये विचारत होती आणि ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. चहा गार झाला.

माझी परीक्षा होती, म्हणून मी बाबांबरोबर राहिले. आई मामांबरोबर एसटीनं गेली आणि दादांचे दिवस करून परत आली. हातातली पिशवी खाली ठेवून पाणी प्यायली. मग माझ्याकडे पाठ करून, लुगड्याची घडी घालता घालता म्हणाली, "दारातली चिंच तोडली गं. लई वर्षं झाली म्हणे."

मी पुस्तकात पाहत राहिले. आम्ही पुण्याला आलो. बाबा एका गोडाउनवर लागले, आणि आईनं पुन्हा कधी इमान म्हटलं नाही. स्वच्छ विमान म्हणू लागली.

भिंगारचं लग्न आटोपून काल मी घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की बागेत गेले होते. हत्ती आहे, सोंड तुटली आहे. तळ्यात आता बाजरी आहे. पट्टीवर मिरच्या वाळत घालतात.

"जागा चांगली आहे मिरच्यांना," ती म्हणाली. "तापते." थोडी पानं खुडून झाली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "वर असताना कॅप्टन तुला काय म्हणाले होते गं? इंग्रजीतनं?"

इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "म्हणाले, आता वळू या."

"एवढं लांबलचक बोलले, आणि अर्थ एवढाच?"

"इंग्रजीत लांबच बोलतात, आई."

ती हातातल्या काडीकडे पाहत होती. काडीवर एकही पान राहिलं नव्हतं, तरी ती खुडत होती.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला एकटीला काहीतरी सांगून ठेवलं त्यांनी. एवढीशी होतीस तू."

आणि अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाली, "घे. दोघी मिळून निवडू."